ढब्बू पाण्यात जातो का?

मित्रांनो, मी पट्टा आहे. गळ्यातला नव्हे, हातातला. कुत्र्याच्या गळ्यात असतो तो माझा चुलतभाऊ. त्याला पितळी बिल्ला आहे, त्यावर नाव कोरलेलं आहे, आणि त्यामुळे तो जरा शिष्ट झाला आहे. माझं एक टोक त्याच्या कडीत आणि दुसरं माणसाच्या मुठीत. दोघांच्या मध्ये ताणलं जायचं, हे माझं काम. मी जुना आहे हे वेगळं सांगायला नको. दाराआडच्या खुंटीवर मी टांगलेला असतो, तेव्हा पाहुणे आधी नाक मुरडतात आणि मग मला पाहतात.

माझी गोष्ट सांगण्यासारखी आहे की नाही, याची मला अजूनही खात्री नाही. पट्ट्याला काय कळतं, असं तुम्ही म्हणाल, आणि तुमचं बरोबरही असेल. पण आमच्या घरात एका सुईवरून जो घोळ झाला तो मी दोन्ही टोकांनी अनुभवला आहे. कोणाला तरी सांगितल्याशिवाय आता राहवत नाही.

माझा जन्म दप्तरांच्या कारखान्यातला. एका मोठ्या कातड्यातून दप्तरं कापून झाली आणि कडेला एक लांब पट्टी उरली, ती मी. दप्तर झालो असतो तर पुस्तकांच्या सहवासात आयुष्य गेलं असतं, असं कधी कधी मनात येतं. पण माझ्या कडा घासल्या गेल्या, दुहेरी शिवण पडली, टोकाला पितळेचा आकडा बसला आणि मी एका दुकानात येऊन लटकलो. तिथून मला एका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाने उचललं. त्याने मला दोन्ही हातांनी ताणून पाहिलं, आकडा उघडून मिटून पाहिला आणि म्हणाला, "हा टिकेल." माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी, आणि बहुधा शेवटची.

घरात माणसं चार. हा लिफ्टवाला, त्याची बायको, त्यांची शाळेत जाणारी मुलगी चिंगी, आणि लिफ्टवाल्याचे वडील अप्पा. लिफ्टवाल्याच्या बायकोला अप्पा सूनबाई म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. ती चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून फ्रेमला बसवते. कुठलीही वस्तू हातात घेतली की आधी उजेडात धरून तिच्यावर ओरखडा आहे का ते बघायचं, ही तिची सवय. माणसांनाही ती तशीच बघते. आणि पाचवा ढब्बू. रंगाने विटकरी, अंगाने पिंप, अकलेने बेताचा. पण लोभस आहे, हे मला मान्य करावं लागतं.

सुरुवातीची वर्षं बरी गेली. महिन्यातून एकदा मला तेल लागायचं. मग एक दिवस घरात प्लास्टिकच्या डबीतून आपोआप आत-बाहेर होणारा नवा पट्टा आला आणि मी खुंटीवर पडून राहिलो. त्या नव्या साहेबांची स्प्रिंग पहिल्याच आठवड्यात तुटली. मला परत बोलावलं, पण तेल काही परत आलं नाही.

ढब्बूला संध्याकाळी लिफ्टवाला फिरवतो. म्हणजे तो तसं सांगतो. तासभर चालवतो म्हणून घराबाहेर पडायचं, कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीत मला टेबलाच्या पायाला गुंडाळायचं, आणि मित्राबरोबर जगातल्या सगळ्या लिफ्टांची चर्चा करायची. ढब्बू टेबलाखाली बिस्किटांचे तुकडे गोळा करतो. चालायचं एवढंच.

सकाळची फेरी मात्र अप्पांची, आणि तीच खरी फेरी. अप्पा उमेदीत सार्वजनिक तलावावर पोहायला शिकवायचे. अर्ध्या शहराला त्यांनी पाण्यावर तरंगायला शिकवलं असेल. चिंगीलाही त्यांनीच शिकवलं. आता गुडघ्यांमुळे त्यांना पाण्यात उतरता येत नाही. आमच्या रस्त्याच्या टोकाला एक बंद पडलेली वीटभट्टी आहे. विटांसाठी माती उपसली तिथे पाणी साचून तळं झालं आहे. भट्टीमागच्या मातीच्या उतारावरून खाली गेलं की अप्पा मला ढब्बूच्या गळ्यातून सोडवतात आणि स्वतःच्या गळ्यात घालतात. ढब्बू पाण्यात झेप घेतो. तळ्याच्या मध्ये एक खांब अर्धा बुडालेला आहे. अप्पा काठावरून सांगतात, "मान वर. घाई नको. खांबाला वळसा घाल आणि परत ये." आणि हा बेताच्या अकलेचा प्राणी खांबाला वळसा घालून परत येतो, काठाकडे बघतो, आणि अप्पांनी हात केला की पुन्हा जातो. त्या वेळी अप्पांच्या गळ्यात मी असतो, आणि त्यांचा श्वास ढब्बूच्या पायांच्या तालावर चालतो. मला ते कळतं.

आता अडचण ऐका. आदल्या वर्षी त्याच उतारावर अप्पा घसरले आणि त्यांचं मनगट मोडलं. हात प्लास्टरमध्ये असेपर्यंत सूनबाईने त्यांच्या सदऱ्याची बटणं लावली, जेवण कालवून दिलं, आणि प्लास्टर निघालं त्या दिवशी समोर बसवून बजावलं, "अप्पा, त्या उतारावर आता पाय ठेवायचा नाही. पुन्हा गेलात असं कळलं तर सकाळची फेरी माझी. मग तुम्ही आणि तुमची खिडकी." अप्पांनी मान डोलावली. पंधरवडाभर पाळलंही. नंतर एका सकाळी ढब्बूने उताराच्या तोंडाशी मला खेचलं, अप्पांनी इकडे तिकडे पाहिलं, आणि गाडं पुन्हा मूळ पदावर आलं. पोहून झालं की ढब्बूला उन्हात वाळवून मगच घरी, म्हणजे कोणाला पत्ता नको.

इथपर्यंत मला काही म्हणायचं नाही. पट्ट्याने कोणाच्या भानगडीत पडू नये. पण मग लसीचा विषय निघाला.

रेबीजची आणि इतर नेमाची लस ढब्बूला दरवर्षी मिळते, तिच्यावर वाद नाही. या वेळी दवाखान्यातून निरोप आला की दोन ऐच्छिक लसीही आहेत, घरी विचार करून ठेवा. एक कुत्र्यांच्या खोकल्याची, दुसरी उंदरांच्या मुतातून पाण्यात पसरणाऱ्या तापाची. विचार करून ठेवा, हे या घराला सांगायला नको होतं.

जेवणाच्या टेबलावर रोज हाच विषय. लिफ्टवाला म्हणायचा, "सगळ्या देऊन टाका. दोर तुटायच्या आधी बदलायचा असतो, तुटल्यावर नाही."

सूनबाई म्हणायची, "ढब्बू लिफ्ट आहे का? मागे एका सुईनंतर त्याचं थोबाड सुजलं होतं, विसरलात? डोळे दिसत नव्हते त्याचे. मांडीवर डोकं ठेवून मी बसले होते, तुम्ही कुठल्याशा इमारतीत अडकला होता."

"अगं, ती वेगळी लस होती."

"सुई तीच होती ना?"

चिंगी फोनमधून वाचून दाखवायची. बाबांच्या बाजूचं सापडलं की बाबांसाठी, आईच्या बाजूचं सापडलं की आईसाठी. "आई, इथे लिहिलंय की हा ताप माणसांनाही होतो." मग थोड्या वेळाने, "बाबा, इथे एक बाई म्हणतायत की त्यांचा कुत्रा पंधरा वर्षं एकही लस न घेता जगला." दोघांनाही पुरेसा दारूगोळा मिळत राहिला.

आणि अप्पा? अप्पा भात चिवडत बसायचे.

मी खुंटीवरून हे सगळं ऐकत होतो आणि माझ्या शिवणी उसवायच्या बाकी होत्या. अरे, लस चांगली की वाईट यावर डोकी फोडताय, पण ढब्बू जातो कुठे, हे विचाराल का नाही कोणी? तळ्याच्या काठाला फुटक्या विटांचे ढीग आहेत आणि त्या ढिगांत उंदरांचं अख्खं गाव नांदतं आहे. मी रोज बघतो. पण पट्ट्याला तोंड नाही. पितळेचा आकडा आहे, तो उघडतो आणि मिटतो, त्यातून आवाज एकच येतो: खट.

शेवटी सगळं कुटुंब दवाखान्यात गेलं. डॉक्टरीणबाई दिवसभर मांजरांचे ओरखडे खाऊन आलेल्या, त्यामुळे मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी ढब्बूला आधी वजनकाट्यावर चढवलं.

"हा रोज किती चालतो?"

"संध्याकाळी तासभर," लिफ्टवाला म्हणाला.

बाईंनी काट्याकडे पाहिलं, ढब्बूच्या पोटाकडे पाहिलं, आणि मग लिफ्टवाल्याकडे. तो छताचा पंखा निरखू लागला.

"बरं. हे बघा, या दोन लसी सगळ्यांना लागतातच असं नाही. कुत्रा कसा राहतो त्यावर ठरतं. हा बऱ्याच कुत्र्यांच्या घोळक्यात जातो का? गावाला जाताना याला कुठे ठेवता का?"

"छे हो," सूनबाई म्हणाली. "आम्हीच कुठे जात नाही."

"मग खोकल्याची राहू दे. आता दुसरी. पाण्यात जातो का हा? डबकी, तळं, उंदीर असतील अशी जागा?"

"हा? आंघोळीची बादली दिसली तरी पलंगाखाली जाऊन बसतो."

"सकाळी कोण फिरवतं?"

"मी," अप्पा म्हणाले.

"कुठे?"

मी त्यांच्या मुठीत होतो, मित्रांनो. ती मूठ एकदम घामेजली. मला वाटलं, आता सांगतील. अप्पांनी सूनबाईकडे पाहिलं. ती त्यांच्याकडे बघत होती, भिंग उजेडात धरून बघावं तशी.

"हे असंच," अप्पा म्हणाले. "फुटपाथवर."

"मग याचीही गरज दिसत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पुढे काही बदललं तर सांगा."

झालं. इतक्या दिवसांची भांडणं, आणि निकाल लागला तो एका खोट्यावर. सूनबाईचा जीव भांड्यात पडला. लिफ्टवालाही तक्रार न करता बाहेर आला, कारण वजनाचा विषय पुन्हा निघायला नको होता. वाटेत चिंगीने ढब्बूला सांगितलं, "सुटलास रे, ढब्ब्या." मला रस्त्यावरच गाठ मारून घ्यावीशी वाटली.

दुसऱ्या सकाळी आम्ही नेहमीप्रमाणे उतारावरून खाली गेलो. अप्पांनी माझ्या आकड्यावर अंगठा ठेवला. ढब्बू थरथरत उभा होता, आकडा निघण्याची वाट बघत. पण अंगठा तिथेच राहिला. विटांच्या ढिगातून एक उंदीर निघाला, सावकाश पाण्याच्या कडेने चालत गेला आणि दुसऱ्या ढिगात शिरला. अप्पा त्या जागेकडे कितीतरी वेळ बघत राहिले.

"चल घरी," ते म्हणाले.

ढब्बूने चारही पाय मातीत रोवले. अप्पांनी ओढलं, त्याने ओढलं, मी मध्ये. आयुष्यात इतका ताणला गेलो नव्हतो. परतीच्या वाटेवर ढब्बू दर चार पावलांनी मागे वळून बघत होता, आणि मला वाटतं, अप्पाही.

घरी आलो तेव्हा सूनबाई दुकानात जायला निघाली होती. एक चप्पल पायात, एक हातात.

"ढब्बू पोहतो," अप्पा म्हणाले.

"काय करतो?"

"पोहतो. वीटभट्टीच्या तळ्यात. रोज."

सूनबाई चपलांच्या फळीवर बसली. "आणि तुम्ही?"

"मी काठावर असतो. पट्टा गळ्यात घालून."

"तो उतार..."

"हो. तोच."

"काल बाईंनी विचारलं, तेव्हा का नाही बोललात?"

अप्पांनी मला खुंटीवर लावायचा प्रयत्न केला. मी दोनदा घसरलो. "तू माझी फेरी काढून घेशील म्हणून," ते म्हणाले. "पण त्याला काही झालं तर फेरी घेऊन मी काय करू?"

सूनबाईने हातातली चप्पल पायात घातली. बराच वेळ पट्टी लावत राहिली. मग म्हणाली, "उद्यापासून मी नेईन त्याला." आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

त्याच संध्याकाळी ढब्बूला लस मिळाली. पहिल्यांदा घेताना ही दोन वेळा द्यावी लागते, दुसरी काही आठवड्यांनी, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. त्यांना सूनबाईने खरी हकीकत सांगितली, आणि तळ्यावर जाणं आता बंद, हेही. बाई एवढंच म्हणाल्या, "आमच्याकडे येणारे सगळे कुत्रे फुटपाथवरच फिरतात. चिखल कुठून लागतो कोण जाणे." घरी आल्यावर सूनबाई ढब्बूच्या थोबाडापाशी जमिनीवर बसून राहिली. थोबाड सुजलं नाही. ढब्बू थोडा पेंगला, आणि जेवणाच्या वेळेला बरोबर जागा झाला.

तुम्हाला वाटेल, संपली गोष्ट. मलाही तसंच वाटलं होतं.

सूनबाईची फेरी म्हणजे काय सांगू? दुकान गाठायचं असतं, त्यामुळे ती चालत नाही, पळते. ढब्बूला खांब हुंगायलाही सवड नाही. उताराचं तोंड आलं की तो रोज फतकल मारायचा, ती रोज ओढायची, माझी शिवण रोज एक टाका सोडायची. घरी अप्पा खिडकीत पुस्तक उघडून बसलेले असायचे. जाताना जे पान उघडं असायचं तेच येतानाही उघडं असायचं.

आणि मग एका रात्रीच्या जेवणाला चिंगीने घास घेता घेता विचारलं, "आई, ढब्बू आता तळ्यावर जातच नाही, तर दुसरी सुई कशाला?"

मुलीचा हिशेब चोख होता. तो तळ्यावर जातो म्हणून लस दिली, आणि लस दिली त्या दिवसापासून तो तळ्यावर जात नाही. मित्रांनो, मी चामड्याचा आहे, माझी सहनशक्ती तुमच्यापेक्षा जास्त आहे, पण त्या क्षणी मला खुंटीवरून उडी मारावीशी वाटली.

"खरंच की," लिफ्टवाला म्हणाला. "मग नको देऊ या. उगाच टोचायचं."

"परवापर्यंत सगळ्या द्या म्हणत होता."

"परवापर्यंत तू एकही नको म्हणत होतीस."

पुन्हा सगळं पहिल्यापासून, फक्त बाजू बदलून. अप्पा या वेळीही काही बोलले नाहीत. पण या वेळी त्यांच्याजवळ लपवायला काही उरलं नव्हतं. ते नुसतेच गप्प होते, आणि ते गप्प राहणं सूनबाईला खुपत होतं. ती त्यांच्या ताटाकडे पुन्हा पुन्हा बघत होती.

दुकानाला सुट्टी होती त्या दिवशीची गोष्ट. उताराच्या तोंडाशी ढब्बूने फतकल मारली. सूनबाईने ओढलं नाही. तिने दम खाल्ला, पदर खोचला आणि म्हणाली, "चल, बघू तरी काय ठेवलंय तिथे तुझं." ती एका हाताने झुडपं धरत, आडवी पावलं टाकत खाली उतरली. खाली आल्यावर तिने माझा आकडा काढला. मला कुठे ठेवायचं ते तिला कळेना, म्हणून हातातच धरून राहिली.

ढब्बूने झेप घेतली. सरळ खांबापर्यंत गेला, वळसा घातला, परत आला आणि काठाशी थांबून तिच्याकडे बघू लागला. सूनबाईला काही समजेना. "काय रे? झालं ना?" ढब्बू पाण्यातच पाय मारत होता, मान वर ठेवून, घाई न करता. तो हाताची वाट बघत होता.

चिंगी लहानपणी तलावात अशीच थांबायची, खूण होईपर्यंत. सूनबाईने तेव्हा बाकावर बसून ते पाहिलेलं होतं. तिची माझ्यावरची मूठ घट्ट झाली. मग तिने दुसरा हात वर केला, जरा अवघडून, आणि ढब्बू वळून पुन्हा खांबाकडे निघाला.

घरी येऊन ती कोणाला काही बोलली नाही. ढब्बूचं अंग मात्र तिने दारातच पुसलं, आणि अप्पांनी पुस्तकावरून ते पाहिलं.

दुसऱ्या सुईच्या दिवशी दवाखान्यात तिघंच गेली: सूनबाई, अप्पा आणि ढब्बू. अप्पांनी दोन्ही तळव्यांत ढब्बूचं डोकं धरलं होतं आणि मी त्यांच्या मनगटाला गुंडाळलेला होतो, मोडून सांधलेल्या मनगटाला.

"मागे तुम्ही म्हणालात की पाण्यावर नेणं बंद केलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बंदच राहणार असेल तर हिचा फारसा उपयोग नाही. चालू राहणार असेल तर आज द्यायलाच हवी. ठरवा. पाण्यात जातो का हा?"

"द्या," सूनबाई म्हणाली.

"म्हणजे जातो?"

"जातो. अप्पा नेतात."

अप्पांचे हात ढब्बूच्या कानांवर थांबले. त्यांनी सूनबाईकडे पाहिलं नाही. सूनबाईनेही त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती डॉक्टरीणबाईंना सांगत होती, "उतार वाईट आहे, पण आमच्याकडे लिफ्टचे जुने दोर पडलेत. आमच्या ह्यांना सांगितलंय, रविवारी दोन खांब ठोकून बांधा. अप्पा धरून उतरतील." मग तिने खाली वाकून ढब्बूची मान धरली. सुई आत गेली तेव्हा ढब्बूला कळलंही नाही. त्याचं लक्ष अप्पांकडे होतं, कारण अप्पांचा श्वास पुन्हा त्या ओळखीच्या तालावर लागला होता.

दोर बांधायला लिफ्टवाल्याने एकाऐवजी तीन रविवार घेतले, ते असो.

मित्रांनो, लस द्यावी की न द्यावी हे पट्ट्याला विचारू नका. ते डॉक्टरांचं काम. पण तुमचा कुत्रा कुठे कुठे जातो असं डॉक्टरांनी विचारलं, तर तो जिथे जातो ते सांगा. तो जिथे गेलेला तुम्हाला चालेल, ते नको. आणि घरातलं कोणी खरं सांगायला घाबरत असेल, तर ते कशाला घाबरतं आहे, तेही एकदा बघा.

आणखी एक. पाण्यातून आल्यावर कुत्र्याला पुसता तसं त्याच्या पट्ट्यालाही धुवून कोरड्या फडक्याने पुसत जा. ओल्या मानेवरच्या कडीत मीच अडकतो. आमच्या घरी एवढ्या चर्चा झाल्या, पण हे अजून कोणाला सुचलेलं नाही.